थरथर पुढे, दुखणे मागे

पावसाळा ओसरला की पुण्या-मुंबईतून कोकणाकडे आणि उन्हाळ्यात त्याहून दूर लडाख-स्पितीकडे मोटारसायकलस्वारांचे तांडे निघतात. मागे बसलेला सोबती, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या आणि कॅरिअरवर आवळलेली पेटी असा सारा संसार पाठीवर घेऊन दुचाकी धावत असते. घाट उतरतो, सरळ रस्ता लागतो, वेग वाढतो आणि एकाएकी हँडल हातात थरथरू लागते. पुष्कळदा ही थरथर क्षणभरात शमते आणि विसरली जाते. एखादे वेळी मात्र ती वाढतच जाते आणि स्वार रस्त्यावर फेकला जातो. मग ‘वाहनावरील ताबा सुटल्याने अपघात’ ही ठरावीक ओळ लिहिली जाते. ताबा का सुटला, हा प्रश्न त्या ओळीखालीच पुरला जातो.

वस्तुतः या दोषात गूढ असे काही नाही. रॉबिन शार्प या ब्रिटिश संशोधकाने १९७१ साली मोटारसायकलच्या स्थैर्याचे गणित मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून या विषयाला शास्त्राची बैठक लाभली आहे. दुचाकीचे डगमगणे एकाच जातीचे नसते, हे त्यातून स्पष्ट झाले. एका प्रकारात फक्त हँडल व पुढचे चाक सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा डावीउजवीकडे झटके खाते. इंग्रजीत त्याला ‘वॉबल’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात सारी गाडीच, विशेषतः तिचा मागचा भाग, सेकंदाला दोन ते चार अशा संथ गतीने हेलकावे घेते. तो ‘वीव्ह’. पहिला प्रकार बहुधा मध्यम वेगात, कित्येकदा वेग कमी होत असताना जाणवतो. दुसरा प्रामुख्याने भरधाव वेगात डोके वर काढतो. निदानाची पहिली पायरी या दोहोंतील भेद ओळखण्याची आहे आणि नेमकी तीच आपल्याकडे वगळली जाते.

त्याचा परिणाम असा होतो की, हँडल थरथरते म्हणून दोष हँडलातच आहे असे धरून चालले जाते. गॅरेजात कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतील बेअरिंग, बदलले जाते. गुण आला नाही की टायर बदलतो, मग शॉक ॲब्सॉर्बर. पैसा जातो, थरथर राहते. किंवा कोनसेट इतका आवळला जातो की थरथर दबते, पण हँडल जड होऊन गाडी मंद वेगात सरळ रेषेत चालेनाशी होते. ताप उतरवला, रोग तसाच ठेवला, असा हा प्रकार आहे.

खरे मूळ अनेकदा मागे असते. पेट्या आणि पिशव्या मागच्या आसाच्याही मागे टांगल्या म्हणजे गाडी तराजूच्या दांडीसारखी मागे झुकते आणि पुढचे चाक हलके होते. हलक्या झालेल्या चाकाला थरथरण्यास निमित्त थोडे पुरते. मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश झिजले असतील, तर ते चाक स्वतःची वाट शोधू लागते. यात भर पडते ती चाकातील हवेची. उत्पादकाच्या पुस्तिकेत एकट्या स्वारासाठी आणि सोबती व सामानासाठी हवेचे निरनिराळे दाब दिलेले असतात. परंतु पंपावर विनामूल्य मिळणारी हवा अंगठ्याने टायर दाबूनच भरली जाते.

म्हणून तपासणीला क्रम हवा आणि तो फुकटाकडून खर्चाकडे जाणारा हवा. प्रथम सामान उतरवून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवून पाहावी. थरथर गेली तर दोष मांडणीचा. मग थंड टायरमधील दाब मोजावा आणि टायर एकीकडे वा खळग्या-खळग्यांनी झिजला आहे काय ते पाहावे. नंतर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे. फोर्कचे पाय धरून मागेपुढे ओढताना ‘टक्’ लागले तर कोनसेट सैल आहे. हँडल सावकाश फिरवताना ते मध्यावर अडकल्यासारखे झाले तर बेअरिंगला खड्डे पडले आहेत. मागचे चाक आडवे हलवून चिमट्याची व बेअरिंगची ढिलाई कळते. चाक फिरवून रिमची लचक दिसते. दोन्ही चाके एका रेषेत आहेत की नाहीत, हे साध्या दोरीने ताडता येते. मुख्य अट एकच: एका वेळी एकच बदल. तीन भाग एकदम बदलले, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

यावर कोणी म्हणेल की, दोष उत्पादकाचाच असतो. काही गाड्यांची घडणच नाजूक असते, हे खरे. परंतु निर्दोष गाडीही चुकीच्या भाराने थरथरू लागते, हेही तितकेच खरे. शिवाय त्या क्षणी स्वाराला स्फुरणारे उपाय, हँडल घट्ट आवळणे आणि जोराचा ब्रेक दाबणे, हे बहुधा घातकच ठरतात. पकड सैल ठेवावी, टाकी गुडघ्यांनी धरावी, अंग पुढे झुकवावे आणि वेग हळूहळू उतरू द्यावा, हे शिकवल्याशिवाय येत नाही. परवान्याच्या परीक्षेत मात्र आठाचा आकडा काढून दाखवला की भागते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. दरम्यान धुराची तपासणी ठरावीक मुदतीने सक्तीची असते. चाके, चिमटा आणि कोनसेट यांच्या नियमित तपासणीचे बंधन नाही. याला उत्तर म्हणून आणखी एक प्रमाणपत्र काढले, तर तेही शिक्क्यापुरते उरेल. त्यापेक्षा प्रत्येक गॅरेजच्या कामाच्या कागदावर ‘थरथर कोणत्या वेगाला, किती भार असताना, हवेचा दाब किती’ असे तीन रकाने असावेत. कॅरिअर व पेट्या विकणाऱ्यांनी भाराची मर्यादा त्यांवर ठळक लिहावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत भाग बदलण्याआधी दोष शोधण्याची शिस्त शिकवावी आणि परवान्याच्या परीक्षेत भार व हवा यांवर प्रश्न विचारावेत. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. ‘ताबा सुटला’ एवढे लिहून मोकळे होण्याची सवय मात्र सोडावी लागेल.