अकरा दिवसांची खुर्ची

कोलाड नाक्यावर निवडणुकीचा विषय निघाला की आपली पोरं एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: "अंतुले साहेबांनंतर आपला कोण?" मला या प्रश्नाचाच राग येतो. आपला माणूस खुर्चीवर बसला की कौमचं काम झालं, असं आपण धरून चाललोय. खुर्चीचं मोल किती, ते कोकणातल्याच एका आमदाराच्या कारकिर्दीवरून पाहा.

२४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार पदावर असताना वारले. राज्य मुख्यमंत्र्याविना ठेवता येत नाही, म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातले मंत्री परशुराम कृष्णाजी तथा बाळासाहेब सावंत हंगामी मुख्यमंत्री झाले. ५ डिसेंबरला वसंतराव नाईकांनी शपथ घेतली आणि पुढे अकरा वर्षं राज्य केलं. सावंतांच्या वाट्याला आले जेमतेम अकरा दिवस.

त्या अकरा दिवसांनी कोकणाला काय दिलं? काहीच नाही, आणि देणं शक्यही नव्हतं. पण सावंतांनी शेतीखातंही सांभाळलं. दापोलीला १९७२ साली सुरू झालेल्या कृषी विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. ते हंगामी मुख्यमंत्री होते हे किती जणांना माहीत आहे? डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ मात्र आंबा लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता आंबेतच्या बॅरिस्टर अंतुलेंकडे या. १९६२ला आमदार, जून १९८०ला मुख्यमंत्री. कुलाब्याचा रायगड त्यांच्या काळात झाला. संजय गांधी निराधार योजनाही तेव्हाचीच. आजही त्या पैशांवर गावोगावच्या विधवांचं औषधपाणी चालतं, आणि तो देताना कुणी जात-धर्म विचारत नाही. जानेवारी १९८२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सिमेंटवाटप आणि ट्रस्टच्या देणग्या यांचा संबंध जोडला, आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. "मुसलमान म्हणून घालवलं," असं आपल्यात अजून म्हणतात. मला ते मान्य नाही. कोर्टापुढे प्रश्न देणग्यांचा होता. आणि जे त्यांना नुसतं 'सिमेंटवाले' म्हणून हिणवतात, त्यांनी एकदा तहसील कचेरीत निराधारांची यादी पाहावी.

म्हणून आपण गप्प बसायचं? मुळीच नाही. २०२४च्या विधानसभेत २८८पैकी मुस्लिम आमदार फक्त १० निवडून आले. ही लाज सगळ्याच पक्षांची आहे, आणि तिकीट मागायचा आपला हक्क आहे. पण नुसतं नाव आपलं आहे म्हणून मत देऊ नका. उमेदवार कोणत्याही धर्माचा असो, विचारा: विधानसभेत प्रश्न किती विचारलेस? कोणत्या योजनेसाठी भांडलास? मुंबई-गोवा महामार्गावर तोंड उघडलंस का?

आणि त्याआधी पुढच्या ग्रामसभेला जा. तिथे बोलायला कुणाचं तिकीट लागत नाही.