गोळीचा हिशेब



रविवारची वंदना आटोपून लोक चपला पायांत घालू लागले, की विहाराच्या पायरीवर आम्हाला दोन प्रश्न हमखास येतात. भगिनी विचारतात, "भाऊ, ह्यांना आता बरं वाटतंय, बीपीच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील का?" आणि पुरुष मंडळी विचारतात, "साहेब, हार्टची पाच औषधं लिहून दिलीत, त्यातलं कामाचं कुठलं आणि केमिस्टच्या फायद्याचं कुठलं?" आम्ही डॉक्टर नाही. टेबलावर बसून आकडे मांडणारे कारकून आहोत, तेव्हा कोणाची गोळी चालू किंवा बंद करण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण औषध लागू पडते की नाही, हे कोणी आणि कसे ठरवले, हा प्रश्न मुळात हिशेबाचा आहे. म्हणून या अंकात तोच घेतला.

आपल्या वस्त्यांत हे ठरते ते असे. शेजारच्या चाळीत एकाला गुण आला. त्याने लसूण गिळला, दुसऱ्याने काढा घेतला, तिसऱ्याने कोणा बड्या डॉक्टरची गोळी घेतली, आणि तिघेही आज चालते-फिरते आहेत. जे गेले ते सांगायला येत नाहीत. म्हणजे खतावणीत जमेची बाजू तेवढी लिहायची आणि नावेचे पान फाडून टाकायचे, तसा हा प्रकार झाला. अशी वही ऑडिटपुढे एक मिनिट टिकणार नाही. हृदयविकारात तर आणखी एक गोम आहे. झटका येऊन रुग्णालयापर्यंत पोचलेले बहुतेक रुग्ण पहिला महिना निभावतात, मग औषध काही का घेतलेले असेना. वाचलेला प्रत्येकजण मात्र आपण घेतले त्यालाच श्रेय देतो.

बीपीची गोष्ट आधी सांगतो, कारण तिची सुरुवात मुंबईची आहे. डॉ. रुस्तम जल वकील हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधेची मुळी आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या वापरात होती. वैद्य सांगत, रुग्ण घेत, पण मोजले कोणी? वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली इंग्लंडमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात त्या छापल्या. जगभरचे डॉक्टर जागे झाले. पुढे या मुळीतून रिसर्पिन नावाचे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि वकील यांना १९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. (म्हणून कोणी मुळी उगाळून पिऊ नये. आता त्याहून चांगल्या गोळ्या आहेत.)

पण मुळीने दाब उतरतो, एवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. दाब उतरल्याने माणूस वाचतो का, हे अजून ठरायचे होते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्याचा पडताळा घेतला गेला. ज्यांच्या बीपीचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता, असे १४३ पुरुष निवडले. ७३ जणांना खरी औषधे दिली, त्यांत हे रिसर्पिनही होते. उरलेल्या ७० जणांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. १९६७ साली निकाल छापून आला. बिनऔषधाच्या ७० जणांत २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवला होता. कोणाला मेंदूत रक्तस्राव, कोणाची मूत्रपिंडे खराब, कोणाचे हृदय थकलेले, आणि चौघांचा मृत्यू. औषध घेणाऱ्या ७३ जणांत असे प्रसंग दोनच, मृत्यू एकही नाही. फरक इतका मोठा, की चाचणीचा हा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. बीपीचे दुखणे असे की ते दुखत नाही. "बरं वाटतंय" हा बीपी गेल्याचा पुरावा होत नाही. बरे वाटते आहे ते कदाचित गोळीमुळेच. पायरीवरच्या भगिनींना आमचे उत्तर एवढेच, की गोळी कमी करायची असेल तर मशीनवर दाब मोजून डॉक्टरांनी करावी.

आता झटक्याकडे वळू. हृदयालाही रक्त पुरवणाऱ्या स्वतःच्या नळ्या असतात. नळीच्या आत साचलेल्या चरबीच्या थराला तडा जातो, तिथे प्लेटलेट नावाचे बारीक कण (डेंग्यूमुळे हे नाव आता घरोघरी पोचले आहे) एकमेकांना चिकटतात, गुठळी होते, नळी बंद पडते आणि तिच्या पुढचा हृदयाचा भाग मरू लागतो. डोकेदुखीवरची ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे. ती या कणांचा चिकटपणा कमी करते. स्ट्रेप्टोकायनेज नावाचे औषध शिरेतून दिले तर झालेली गुठळी विरघळते. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना माहीत होत्या, पण रक्तस्रावाची भीती होती आणि मते अनेक होती. मोठा डॉक्टर म्हणेल ते खरे, असा कारभार.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मते बाजूला ठेवून मोजायचे ठरवले. चाचणीचे नाव 'आयसिस-२'. १६ देश, ४१७ रुग्णालये, १७,१८७ रुग्ण. झटक्याची शंका असलेला रुग्ण दाखल झाला, की त्याला काय द्यायचे ते चिठ्ठीने ठरे. काहींना फक्त ॲस्पिरिन महिनाभर, काहींना फक्त स्ट्रेप्टोकायनेज, काहींना दोन्ही, काहींना दोन्हींपैकी एकही नाही, नुसती तशीच दिसणारी गोळी आणि तसेच दिसणारे सलाइन. नेहमीचे उपचार सर्वांनाच चालू. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नाही आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

चिठ्ठी कशाला, असे कोणी विचारील. निवड डॉक्टरच्या हाती दिली तर तो नकळत धडधाकट दिसणाऱ्याला नवे औषध देईल, किंवा ओळखीच्याला देईल, किंवा ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला. मग जो वाचला तो औषधाने, अंगच्या ताकदीने की पैशाने, हे कसे कळणार? चिठ्ठीला कोणाचे आडनाव कळत नाही. हजारो माणसे चिठ्ठीने वाटली, की म्हातारे-तरणे, बिडी ओढणारे-न ओढणारे दोन्हीकडे जवळजवळ सारखे पडतात. मग जो फरक उरतो तो औषधाचा.

ऑगस्ट १९८८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हिशेब जाहीर झाला. ज्यांना दोन्हींपैकी काहीच मिळाले नव्हते अशा ४,३०० पैकी ५६८ जण पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले. ज्यांना दोन्ही मिळाले त्या ४,२९२ पैकी ३४३. म्हणजे दर शंभरात सुमारे पाच माणसे जास्त वाचली. आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा त्या जुन्यापुराण्या, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या ॲस्पिरिनचा होता.

या चाचणीतला एक किस्सा आमच्या फार आवडीचा. निकाल छापण्याआधी आग्रह झाला, की अमुक वयाचे, तमुक प्रकारचे रुग्ण वेगवेगळे काढून कोणाला फायदा झाला आणि कोणाला नाही ते दाखवा. संशोधकांना यातला धोका ठाऊक होता. ढीग बारीक बारीक वाटत गेले, की निव्वळ योगायोगाने कुठेतरी उलटसुलट आकडा येतोच. ते दाखवण्यासाठी त्यांनी रुग्णांची राशीवार विभागणी केली! (तिकडे रास जन्मतारखेवरून ठरते.) निघाले काय, तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने फायदा नाही, उलट किंचित तोटाच, आणि बाकीच्या राशींना भरपूर फायदा. हा विनोद त्यांनी गंभीर चेहऱ्याने छापला. धम्मदीक्षेनंतर आमच्या घरांतून पत्रिका गेल्या, पण वर्तमानपत्रातले भविष्य चहाबरोबर वाचणारे आमच्यातही आहेतच. त्यांनी हा किस्सा चहाबरोबर वाचावा. "हे औषध आपल्या लोकांना सोसत नाही" असे दोन-चार उदाहरणांवरून सांगणाऱ्यांनीही वाचावा.

मोजल्यावर दरवेळी औषधाच्या बाजूनेच निकाल लागतो असेही नाही. झटक्यानंतर काहींचे ठोके मध्येच चुकतात, आणि अशांना मृत्यूचा धोका जास्त असतो. तेव्हा ठोके नियमित करणारी गोळी दिली तर जीव वाचेल, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेत तसे वाटून अशा गोळ्या दिल्याही जात होत्या. कार्डिओग्राम सुधारलेला दिसे, डॉक्टर खूष, घरचे खूष. मग 'कास्ट' नावाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून मोजले. १९९१ साली छापलेल्या आकड्यांत एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण दगावले होते, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. कागदावरची रेघ सरळ होत होती आणि माणसे मरत होती. मोजले नसते तर त्या गोळ्या आणखी किती वर्षे चालल्या असत्या कोण जाणे.

खुद्द ॲस्पिरिनचेही तसेच. झटका आलेल्याला ती उपयोगी ठरली म्हणून "आपणही रोज एक घेऊन ठेवू" असे म्हणणारे पुष्कळ निघाले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९ हजारांहून अधिक निरोगी वृद्धांवर हे तपासले. २०१८ च्या निकालात हृदयविकार तर विशेष टळला नाहीच, रक्तस्राव मात्र वाढला. तेव्हा एकाच्या केसपेपरवरची गोळी बघून दुसऱ्याने ती सुरू करू नये.

पाच औषधांतले कामाचे कुठले, या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. झटक्यानंतर साधारणपणे ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन, हृदयाचा भार हलका करणारी बीटा ब्लॉकर आणि एसीई इन्हिबिटर या गटांतली औषधे देतात, आणि हे गट असेच हजारो माणसांवर मोजून निघालेले आहेत. यांचे पेटंट केव्हाच संपले. जनऔषधी केंद्रात ती मूळ नावाने स्वस्तात मिळतात. ताकदीच्या बाटल्या आणि व्हिटॅमिनच्या कॅप्सूल यांची रांग वेगळी. कात्री लावायचीच तर कोणत्या रांगेला लावावी, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

इथवर परदेशाचे आकडे झाले. आता आपले पाहू, आणि ते बोचणारे आहेत. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी देशातल्या ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत दाखल झालेल्या २०,४६८ हृदयरुग्णांची नोंद केली. २००८ साली ती छापली गेली. ज्यांना मोठा झटका आला होता त्यांना दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मधला वेळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास निघाला. आयसिस-२ मध्ये गुठळी विरघळवण्याचा सर्वांत जास्त फायदा पहिल्या चार तासांत दिसला होता. आपल्याकडे ते चार तास सोडा पिण्यात, बाम चोळण्यात, "गॅस असेल" म्हणण्यात आणि पैसे उसने मागण्यात जातात. आणखी पाहा. कोलेस्टेरॉलची गोळी श्रीमंत रुग्णांत शंभरातल्या ६१ जणांना मिळाली, गरिबांत ३६ जणांना. महिन्याभरात श्रीमंत दगावले शेकडा ५.५, गरीब ८.२. मग त्या डॉक्टरांनी आणखी एक पायरी मोजली. उपचारांतला फरक हिशेबात धरला तर मृत्यूतला हा फरक नाहीसा झाला. म्हणजे गरिबाचे हृदय काही वेगळ्या मातीचे नव्हते. त्याला औषध कमी मिळाले.

आता ही मोजणी कोणाच्या जिवावर होते, तेही पाहू. ज्या ४,३०० जणांच्या वाट्याला दोन्हींपैकी काहीच आले नाही, त्यांच्यामुळे उत्तर सापडले. आज आपल्याला छातीत दुखताच ॲस्पिरिन चावायला देतात ती त्यांच्यामुळे. तेव्हा चाचणी म्हटले की पळून जावे, असे आम्ही म्हणणार नाही. पण माणसाला न सांगता त्याच्यावर चाचणी करणे हा अपराध आहे. गरीब रुग्णांना पुरते न समजावता चाचण्यांत घेतात, अशी तक्रार घेऊन 'स्वास्थ्य अधिकार मंच' ही संस्था २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि न्यायालयाने सरकारला खडसावले. २०१९ पासून नवे नियम लागू आहेत. संमतीचा कागद रुग्णाला समजेल अशा भाषेत हवा आणि त्याची प्रत रुग्णाला द्यायलाच हवी. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास भरपाई. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते, आणि पडलात म्हणून नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत.

तेव्हा खाटेशी कोणी कागद घेऊन आले तर अंगठा उठवण्यापूर्वी विचारा. मला खरे औषध मिळेल की खोटी गोळीही मिळू शकते? माझ्या चालू गोळ्या बंद होणार का? नैतिक समितीची मंजुरी कुठे आहे? रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? आणि कागद घरी न्या. वस्तीत वाचणारी एखादी मुलगी असतेच, तिच्याकडून तो मोठ्याने वाचून घ्या.