गोळीतला कार्बन येतो कुठून?

तापावर आपण घेतो त्या पॅरासिटामॉलच्या गोळीत बहुधा 500 मिलिग्रॅम औषध असते. वजनाने त्यातला सुमारे 64 टक्के भाग निव्वळ कार्बन. रेणूत कार्बनचे आठ अणू. त्यांतल्या सहांचे कडे साधारणपणे खनिज तेलातून निघणाऱ्या बेंझिनचे. उरलेले दोन ॲसेटिक ॲनहायड्राइडमधून येतात, आणि ते उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासूनही बनवता येते. मळीच्या वासाने नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

तरीही इथेनॉल म्हटले की आपल्याला फक्त पेट्रोलची टाकी आठवते. मला हा उधळेपणा वाटतो. गाडी विजेवर धावते, वीज उन्हावाऱ्यातून मिळते. गोळी मात्र विजेची बनत नाही, तिला कार्बन लागतोच. ऊस किती पाणी पितो, हे मराठवाड्याला सांगायला नको. एवढे पाणी पिऊन तयार झालेला कार्बन इंजिनात जाळण्याआधी त्यातला औषध व रसायन उद्योगाचा हिस्सा सरकारने राखून ठेवावा. बेंझिनच्या सहा अणूंना स्वस्त वनस्पतिजन्य पर्याय अजून बाजारात रुळलेला नाही. उरलेल्या दोघांचे काम आजच होण्यासारखे आहे.