पोथीतला दोरा

परवा आमच्या गल्लीतल्या ज्ञानेश्वरी पारायणात ऐकलेलं एक वाक्य अजून मनातून जात नाही. तेरावा अध्याय चालू होता. एका आजींची ओळ चुकली. बोट ओवीखाली तसंच धरून त्यांनी शेजारणीला विचारलं, "कितवी चाललीय गं?" व्यासपीठचालक माइकवरून म्हणाले, "ज्यांना जमत नाही त्यांनी नुसतं ऐकावं." आजींनी पोथी मिटली, कपाळाला लावली आणि त्या भिंतीशी सरकून बसल्या.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशात सांगितलेला हा ग्रंथ. ओव्या नऊ हजारांच्या घरात. सात दिवसांत पुरा करायचा तर घाई होणार, मान्य. पण घाई झाली ती नेमकी तेराव्यात! गीतेत तिथे 'अहिंसा' हा एक शब्द येतो आणि माउली त्या एका शब्दापाशी ओव्यांमागून ओव्या थांबतात. दयाळू माणूस चालतो कसा, बघतो कसा, बोलतो कसा, सगळं सांगतात. केसर चुरगळू नये म्हणून भुंगा कमळावर जपून पाय ठेवतो, तसं त्याचं चालणं. आणि शब्द तोंडातून निघण्याआधी त्याची माया समोरच्यापर्यंत पोचलेली असते.

माझी आत्या रोज पाचच ओव्या वाचायची. खुणेला पोथीत लाल दोरा. एकदा तीन दिवस दोरा जागचा हलला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "परवा भांडीवाल्या बाईंवर ओरडले. ते निस्तरल्याशिवाय पुढचं कसं वाचू?" चौथ्या दिवशी त्या आल्या तेव्हा आत्याने त्यांना ओट्यापाशी पाटावर बसवलं. त्यांच्यासाठी कोनाड्यात वेगळा ठेवलेला कान तुटलेला कप तिने टाकून दिला आणि आमच्याच कपांतल्या एकात चहा दिला. "बाई, चुकलं माझं," एवढंच बोलली. दुपारी दोरा पाच ओव्या पुढे गेला.

मला वाचन म्हणतात ते हेच वाटतं. दया आधी घरातल्या कपबशीत उतरली पाहिजे. आपल्या बोलण्याने कुणाची मान खाली गेली असेल, तर पान उलटू नये.

आत्याची पोथी आता माझ्याकडे आहे, दोऱ्यासकट. त्या आजींचं घर विचारून ठेवलंय. रविवारी पोथी घेऊन जाईन. ओव्या पाचच, त्यांच्या बोटाच्या चालीने.