विकतची शांतता

पुणे आणि मुंबई या शहरांना जोडणारा लोहमार्ग सुमारे १९२ किलोमीटर लांबीचा आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन हे अंतर सव्वातीन तासांच्या आसपास काटते. तिच्या पासधारकांच्या कित्येक पिढ्यांनी हा वेळ वृत्तपत्र, पत्ते, राजकारण आणि डुलकी यांत वाटून घेतला. अलीकडे या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. खिडकीशी बसलेला प्रवासी पिशवीतून जाड गाद्यांचे हेडफोन काढतो, कानांवर चढवतो, एक कळ दाबतो आणि देहाने डब्यात असूनही डब्यातून निघून जातो.

बाहेरचा गोंगाट पुसून टाकणाऱ्या या उपकरणास बाजारात ‘नॉइज कॅन्सलिंग हेडफोन’ म्हणतात. त्यातला कोणता घ्यावा, कोणता कानाला सुखाचा, कोणाचा सूर खरा, याची चर्चा पुण्यातील कार्यालयांत आणि महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर हिरिरीने चालते. एके काळी घड्याळांची आणि कॅमेऱ्यांची चर्चा अशीच चाले. ही चर्चा निरर्थक आहे असे मुळीच नाही. परंतु ती जिथे थांबते तेथून पुढचा प्रश्न अधिक मोलाचा आहे. शांतता ही प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे विकत घेण्याची वस्तू आहे काय?

लाटेला लाटेचा उतारा

या यंत्रामागील तत्त्व तसे जुने आहे. ध्वनी ही हवेतील दाबाची लाट. तिच्या प्रत्येक उंचवट्यासमोर तेवढाच खळगा असलेली दुसरी लाट उभी केली, तर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाने ही कल्पना मांडून १९३६ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळवले. पण ती प्रत्यक्षात आणण्याइतकी चपळ विद्युतयंत्रणा त्या काळी नव्हती. पुढचे पाऊल पडले ते एका विमानप्रवासात. बंगालमधून ब्रिटिशांच्या रोषामुळे अमेरिकेत गेलेल्या नोनी गोपाल बोस या क्रांतिकारकाचे पुत्र अमर बोस हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक होते. १९७८ मध्ये युरोपातून परतताना विमानातील हेडफोनवर त्यांना इंजिनाच्या घरघरीपलीकडे काहीच धड ऐकू येईना. त्यांनी विमानातच कागदावर आकडेमोड केली आणि आपल्या कंपनीत संशोधन सुरू केले. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी आणि २००० मध्ये सामान्य प्रवाशांसाठी त्यांच्या कंपनीचे हेडफोन बाजारात आले.

या जन्मकथेतच यंत्राची मर्यादा दडलेली आहे. विमानाचे इंजिन, गाडीच्या चाकांचा अखंड खडखडाट, वातानुकूलन यंत्राची घुमघुम हे खालच्या पट्टीतले आणि एकसारखे आवाज ते उत्तम रीतीने पुसते. वरच्या पट्टीतला आणि अचानक येणारा आवाज मात्र त्याच्या हातून निसटतो. तिथे भिस्त कानावर बसणाऱ्या गादीवरच असते. म्हणजे झुरिकहून बॉस्टनला जाणाऱ्यास जे सुख या यंत्रातून मिळते, ते स्वारगेटहून हडपसरला जाणाऱ्यास तितके मिळत नाही. कारण त्याला छळणारा आवाज इंजिनाच्या गुणगुणीपेक्षा हॉर्नचा अधिक असतो. आपल्या शहराचा गोंगाट हा घरघरीचा कमी आणि किंकाळीचा जास्त आहे, ही गोष्ट खरेदीपूर्वी ध्यानात घेणे इष्ट.

सुख आणि सूर

आता तुलनेकडे वळू. महागड्या वर्गात मुख्य स्पर्धा बोस, सोनी, सेनहायझर आणि ॲपल यांच्यात आहे. वापरणाऱ्यांचे सर्वसाधारण मत असे दिसते, की कानाच्या सुखासाठी आणि शांततेसाठी बोस, शांततेसोबत सोयींच्या रेलचेलीसाठी सोनी, तर सुराच्या खरेपणासाठी सेनहायझर उजवा. सोनीचा २०२२ चा ‘एक्सएम ५’ सुमारे २५० ग्रॅम वजनाचा असून एकदा भारित केला की तीस तास चालतो. पण तो घडी होत नाही, आणि ही उणीव कंपनीने २०२५ च्या ‘एक्सएम ६’ मध्ये दूर केली. बोसचा २०२३ चा ‘क्वाएट कम्फर्ट अल्ट्रा’ चोवीस तास चालतो. सेनहायझरच्या ‘मोमेंटम ४’ ची बॅटरी साठ तासांपर्यंत पुरते. ॲपलच्या २०२० च्या हेडफोनची घडण देखणी. परंतु ३८५ ग्रॅमच्या आसपास असलेले त्याचे वजन लांबच्या प्रवासात मानेला जाणवते.

मात्र प्रयोगशाळेतील आकड्यांवरून सुखाची पूर्ण कल्पना येत नाही. चष्मा लावणाऱ्याच्या कानामागून जाणारी दांडी गादी किंचित उचलून धरते आणि त्या फटीतून बाहेरचा आवाज आत शिरतो. शिक्षक-कारकुनांच्या वर्गात चष्मा नसलेला मनुष्य विरळाच, तेव्हा ही बाब क्षुल्लक नव्हे. एप्रिल-मेच्या उन्हात बिनवातानुकूलित डब्यात कान झाकणारी कृत्रिम चामड्याची गादी तासाभरात घामाने भिजते. काहींना आवाज पुसला जाताना कानांत दडे बसल्यासारखे वाटते. अशांसाठी कानात बसणारे छोटे इअरबड अधिक सोयीचे; पण झोपताना ते टोचतात आणि पडले तर रुळांवर शोधता येत नाहीत.

सुराची कसोटी प्रत्येकाच्या आवडीनुसार बदलते. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो आणि ख्याल ऐकणारा मोठा वर्ग येथे आहे. या वर्गासाठी तंबोरा नीट ऐकू येणे ही पहिली अट. गाडीच्या खडखडाटात तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याची घुमार आधी बुडतात, मग श्रोता आवाज वाढवतो, आणि तारसप्तकात गेलेला स्वर कानाला झोंबतो. गोंगाट पुसला गेला, की मंद आवाजातही तंबोरा उरतो. उलट स्वस्त यंत्रांत ठेका इतका फुगवलेला असतो, की ख्यालाचा ठेका लग्नाच्या वरातीसारखा वाजू लागतो. बोट, नॉइज यांसारख्या भारतीय कंपन्यांनी दोन-तीन हजार रुपयांत हे तंत्र आणले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद. परंतु त्या किमतीत गोंगाटही कमी पुसला जातो आणि सूरही कमी सुरेल लागतो.

आरोग्याच्या दृष्टीनेही या यंत्राचा लाभ नाकारता येणार नाही. आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबलपर्यंतचे श्रवण जागतिक आरोग्य संघटना सुरक्षित मानते; आवाज ९० डेसिबल झाला की ही मुदत चार तासांवर येते. डेसिबलचे माप साध्या मोजपट्टीसारखे नसते. दहाची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट. साध्या हेडफोनवर गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवणारा विद्यार्थी नकळत हीच उडी घेतो. तेव्हा ज्याला परवडते त्याने असे यंत्र घेतले, तर त्यात उधळपट्टी शोधण्याचे कारण नाही. फक्त रस्ता ओलांडताना आणि दुचाकी चालवताना ते कानावरून उतरवावे, इतकेच.

खर्च कोणाचा?

प्रश्न उद्भवतो तो परवडण्याच्या मुद्द्यापाशी. अनेक नामांकित हेडफोनची किंमत बाजारात येताना पंचवीस ते पस्तीस हजारांच्या घरात असते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अनेक अध्यापकांचे महिन्याचे मानधन याच्या आसपासचे आहे. आर्थर पिगू यांनी १९२० च्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात दाखवून दिले, की एकाच्या व्यवहाराचा भार तिऱ्हाइतावर पडतो तेव्हा बाजारातील किमती खोटे बोलू लागतात. विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्यास त्या हॉर्नची किंमत मोजावी लागत नाही. ती ऐकणारा मोजतो. आता तर तो ती रोख मोजू लागला आहे. गंमत अशी, की हेडफोनच्या खपाने राष्ट्रीय उत्पन्न वाढलेले दिसते. ज्या गोंगाटामुळे ते घ्यावे लागले त्याची वजावट मात्र कोठेच होत नाही.

रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये याला वेगळे वळण दिले. त्यांनी घेतलेले एक उदाहरण आवाजाचेच होते. लंडनमधील एका मिठाईवाल्याच्या खलबत्त्याचा शेजारच्या डॉक्टरला त्रास होई आणि १८७९ मध्ये न्यायालयाने निकाल डॉक्टरच्या बाजूने दिला. कोस यांचे म्हणणे असे, की दोघांना बोलणी करणे सोपे असेल, तर ज्याला त्रास टाळणे स्वस्त पडते तोच अखेर तो टाळील. यावर कोणी म्हणेल, मग ऐकणाऱ्यानेच कान झाकावेत, ते स्वस्त पडते. हा हिशेब चुकीचा आहे. मिठाईवाला एक आणि डॉक्टर एक, अशी स्थिती लक्ष्मी रस्त्यावर नसते. एका मोटारसायकलचा फोडलेला सायलेन्सर पुन्हा नीट बसवला, तर वाटेवरच्या हजारो कानांना शांतता लाभते. एक हेडफोन एकाच माणसाच्या दोन कानांना पुरतो. शिवाय वाहतूक पोलीस, रिक्षाचालक, एसटीचा वाहक, फळांच्या गाडीवर उभी असलेली बाई यांना कान झाकून आपले काम करताच येत नाही. जे दिवसभर गोंगाटात राबतात त्यांच्यासाठी हे यंत्र पैसे असूनही निरुपयोगी आहे.

शहाणे बाहेर पडले की

याहून गंभीर धोका आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दाखवून दिला. नायजेरियातील रेल्वे सुधारत का नाही, याचा विचार करताना त्यांच्या ध्यानात आले, की सर्वांत जागरूक गिऱ्हाइके मालमोटारींकडे वळली होती. तक्रार करणारेच निघून गेल्यावर कारभार सुधारण्याचा दबाव कोठून येणार? आपल्याकडे हे वारंवार घडले आहे. पाणी शुद्ध करणारे यंत्र घरी आले, इन्व्हर्टर आला, खाजगी शिकवणी आली. आणि नळाबद्दल, विजेबद्दल, शाळेबद्दल बोलू शकणारा वर्ग गप्प झाला. आता पाळी शांततेची आहे. ज्याच्या पत्राची दखल महापालिकेत घेतली जाण्याची शक्यता अधिक, त्याच्याच कानांवर आज गाद्या आहेत.

कायदे नाहीत, असेही नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांनी घातली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर निकाल दिले. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अकारण हॉर्न वाजवणाऱ्यास पहिल्या खेपेस एक हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड ठरवला. इतके असूनही विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घेतलेल्या नोंदींची सरासरी काही वर्षी शंभर डेसिबलच्या वर गेली आहे. पेठांतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी त्या दिवसांत कानांत कापसाचे बोळे घालून बसतो, कारण त्याच्या ऐपतीतले नॉइज कॅन्सलिंग तेवढेच.

सार्वजनिक शांतता अशक्य आहे काय? गेल्या काही वर्षांचा अनुभव तसे सांगत नाही. २०१९ पासून पुण्याच्या रस्त्यांवर पीएमपीच्या विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आल्या, २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली, २०२३ मध्ये ई-शिवनेरी धावू लागली. डेक्कन क्वीनला २०२२ मध्ये एलएचबी पद्धतीचे नवे डबे मिळाले आणि जुन्या डब्यांच्या मानाने आतला खडखडाट कमी झाला. ही शांतता ज्याच्याकडे पास आहे त्या प्रत्येकाला, चष्मेवाल्याला आणि बिनचष्मेवाल्याला, सारखीच मिळाली. तिच्यासाठी कोणाला वेगळा खर्च करावा लागला नाही आणि ती कोणाच्या कानातून घसरून पडतही नाही.

एक साधा हिशेब मात्र प्रवाशांनीही ठेवावा. डब्यात मोबाइलचा कर्णा मोकळा सोडून चित्रफिती पाहणाऱ्यांची संख्या वाढली, म्हणून रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावण्यास मनाई केली. अशा प्रवाशाने दोनशे रुपयांचा साधा वायरचा हेडफोन लावला, तरी शेजारच्या आठ जणांना शांतता मिळते. पस्तीस हजारांचा हेडफोन ती फक्त घेणाऱ्याला देतो. महागड्या यंत्रांची तुलना करणाऱ्यांनी ती अवश्य करावी आणि आपल्या कानाला रुचेल ते घ्यावे. पण ते घेतल्यानंतरही हॉर्नबद्दलची तक्रार, फोडलेल्या सायलेन्सरबद्दलचे निवेदन आणि मंडळाच्या बैठकीतला आक्षेप मागे घेऊ नये. ज्यांना कान झाकता येत नाहीत, त्यांच्या वतीने बोलण्याची जबाबदारी ज्यांना ते झाकता येतात त्यांच्यावरच येऊन पडते.