सोशिक जनावराची बाजू

दिवाळी अंकाच्या संपादकीयात सरत्या वर्षाचा आढावा घ्यायची रीत आहे. यंदा तो थोडक्यात आटोपतो. मराठवाड्यात सप्टेंबरच्या पुरानं पिकांबरोबर शेतातली मातीही खरवडून नेली. पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय सरकारला मागे घ्यावे लागले. शिवरायांचे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आपल्या उलव्याच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, दि. बा. पाटलांचं नाव त्याला कधी लागतं, याची गावं अजून वाट पाहत आहेत. या सगळ्यावर इतरत्र भरपूर वाचायला मिळेल. मला लिहायचं आहे ते जूनपासून डोक्यात ठाण मांडून बसलेल्या एका गोष्टीवर.

हे वर्ष महाराष्ट्रात जनावरांचं होतं. मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यात, रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या समाधीवरून वाद पेटला. जुलैअखेर नांदणी मठाची माधुरी हत्तीण अंबानींच्या वनताराला नेली, तेव्हा कोल्हापूर रस्त्यावर उतरलं आणि लोकांनी मोबाइलची कंपनी बदलली. ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरची ताडपत्री जमावानं फाडली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना कायमचं निवाऱ्यात डांबायचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला; पनवेलच्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा दोन तट पडले होते.

जूनमध्ये आणखी एक बातमी आली होती. तेलंगणातल्या महबूबनगर जिल्ह्यात औषधांच्या आणि रसायनांच्या चाचण्या करणाऱ्या एका संस्थेत बीगल कुत्र्यांचे अतोनात हाल होतात, असे आरोप पेटा इंडियानं केले. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या समितीचं पथक तपासणीला गेलं. दोन दिवस चित्रफिती फिरल्या, हळहळ झाली, आणि मग कोणी त्याचं नाव काढलं नाही. दगडाच्या कुत्र्यासाठी आपण महिनाभर भांडलो. जिवंत कुत्र्यांसाठी आपल्यापाशी दोन दिवस होते. मला हे सहन होत नाही.

बीगलच का, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवं औषध किंवा कीटकनाशक माणसापर्यंत पोचण्याआधी ते उंदीर-घुशींच्या कुळाबाहेरच्या एखाद्या प्राण्यालाही देऊन पाहा, अशी नियामकांची जुनी अट. त्यासाठी कुत्रा सोयीचा, आणि कुत्र्यांत बीगल. आकारानं आटोपशीर, कळपात राहणारा, आणि मुख्य म्हणजे सोशिक. सुई टोचणाऱ्या हाताला चावत नाही, उलट तोच हात चाटतो. त्याच्या याच गुणासाठी त्याची पैदास होते. कानाच्या आतल्या बाजूला क्रमांक गोंदलेला असतो, तेच त्याचं नाव. रोज ठरल्या मात्रेत रसायन पोटात जातं, रक्त काढलं जातं, आणि ठरलेल्या दिवशी बहुतेकांना मारून यकृत, मूत्रपिंडं तपासली जातात.

पनवेलकरांनी हे दूरचं समजू नये. तळोजा, पाताळगंगा, रसायनी हा आपला पट्टा औषधांवर आणि रसायनांवर उभा आहे. आपल्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी तिथे पाळीला जातं. यातल्या बऱ्याच मालाच्या परवान्याच्या फायलीत कुठे ना कुठे एक कुत्रा असतो. आणि मी प्रयोगशाळांचा वैरी नाही. खारघरला टाटा रुग्णालयाच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगावर संशोधन चालतं, त्यात उंदीर वापरले जातात, आणि टाटाच्या उपचारांनी वाचलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. माझं म्हणणं या कुत्र्यांपुरतं आहे, आणि त्यांना सोडवायचं कसं याबद्दल आहे. कारण मार्गाच्या बाबतीत आपले तरुण कार्यकर्ते भलतीकडे बघतात, असं मला वाटतं.

त्यांच्या मोबाइलवर असतो तो इटलीतला फोटो. २८ एप्रिल २०१२, माँतिकियारी गावचं ग्रीन हिल हे पैदास केंद्र. भर दिवसा आंदोलक कुंपण ओलांडून आत शिरले आणि बीगलची पिल्लं काटेरी तारेवरून हातोहात बाहेर दिली. तो फोटो जगभर गेला, आणि जायलाच हवा होता. तोंड न झाकता, अटकेची तयारी ठेवून केलेलं ते काम. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरचे लोक अक्कादेवीच्या डोंगरावर असेच उघडपणे जंगलचा कायदा मोडायला गेले होते, हे माहीत असलेल्या तालुक्याला अशा धैर्याची किंमत सांगायला नको. पण पुढचं कोणी वाचत नाही. त्या दिवशी तारेवरून आली ती काही डझन पिल्लं. उरलेले अडीच हजारांहून अधिक कुत्रे जुलैमध्ये सरकारी वकिलांच्या कारवाईत जप्त झाले आणि घरोघरी सांभाळायला दिले गेले. २०१४ मध्ये इटलीनं प्रयोगासाठी कुत्र्यांची पैदासच कायद्यानं बंद केली, २०१५ मध्ये केंद्राच्या चालकांना शिक्षा झाली. फोटोनं दार किलकिलं केलं; कुत्रे बाहेर आले ते कागदाच्या जोरावर.

दुसरं उदाहरण याहून बोलकं. इंग्लंडात हंटिंग्डन नावाच्या प्रयोगसंस्थेविरुद्ध १९९९ पासून पंधरा वर्षं मोहीम चालली. तिच्यातली काही माणसं कर्मचाऱ्यांच्या घरांवर चालून गेली, धमक्या दिल्या, पुरवठादारांना भेदरवलं. म्होरके तुरुंगात गेले. संस्था तगली, हार्लन या दुसऱ्या कंपनीशी एकत्र झाली आणि २०१५ मध्ये एन्व्हिगो हे नाव घेऊन उभी राहिली. याच एन्व्हिगोचं व्हर्जिनियातलं बीगलचं पैदास केंद्र २०२२ मध्ये रिकामं झालं. ते कशानं? आत नोकरी धरून राहिलेल्या कार्यकर्त्यानं केलेल्या नोंदींनी, सरकारी पशुवैद्यांच्या तपासणी अहवालांनी आणि न्यायालयाच्या आदेशानं. सुमारे चार हजार कुत्रे घरं शोधत बाहेर पडले. २०२४ मध्ये कंपनीनं गुन्हा कबूल केला, साडेतीन कोटी डॉलर मोजले. एकाच कंपनीच्या कुळात दोन्ही मार्ग वापरून झाले आहेत. फळ कुठल्या मार्गाला आलं, हे समोर आहे.

आपल्याकडे तर कागद आधीच तयार आहे, आणि माझी खरी चीड इथे आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून ज्या कायद्याचा आग्रह धरला, तो प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्यानं प्रयोगांना बंदी केली नाही, पण देखरेखीसाठी समिती दिली. २००६ च्या दुरुस्तीनं नियमांत स्पष्ट लिहिलं, की प्रयोगानंतर जनावराची देखभाल आणि पुनर्वसन ही संशोधकाची जबाबदारी, आणि तो खर्च संशोधनाच्या खर्चातच धरायचा. दयामरणाला मोजकेच अपवाद. म्हणजे जगण्याजोगा कुत्रा मारून टाकणं हा रिवाज असेल, नियम नव्हे. कुत्र्यांवरच्या प्रयोगाचा प्रस्ताव संस्थेच्या पातळीवर संपत नाही, तो केंद्रीय समितीकडे जावा लागतो. संस्थेच्या आचारसमितीत सामाजिक जाण असलेला, शास्त्रज्ञ नसलेला एक सदस्य बसवावा लागतो. निवृत्त मुख्याध्यापिका, वकील, तालुक्यातला एखादा पशुप्रेमी, कोणीही त्या खुर्चीवर बसून विचारू शकतो: प्रयोग संपल्यावर हे बारा कुत्रे कुठे जाणार? पैसे कुठल्या रकान्यात धरलेत? असा माणूस तिथे बसावा म्हणून कोणी आंदोलन केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

याच वाटेनं बंगळुरूत कुत्रे सुटले आहेत. ‘कूपा’ या संस्थेनं प्रयोगशाळांशी बोलणी करून बीगल मागून घेतले. २०१६ मध्ये शंभराहून जास्त. ते घरी येतात तेव्हा काय होतं, हे सांभाळणाऱ्यांकडून ऐकावं. जिना म्हणजे काय ते त्याला कळत नाही. गवतावर ठेवलं तर पंजे उचलून धरतो. मिक्सर लावला की पलंगाखाली. पाय वर करायला बाहेर जायचं असतं हे पाच वर्षांच्या कुत्र्याला शिकवावं लागतं, आणि घरात आधीचं एखादं कुत्रं असेल तर माणसापेक्षा तेच लवकर शिकवतं. काहींना महिने लागतात.

आपल्या अंकाचा यंदाचा विषय ‘घर’ आहे. विषय ठरला तेव्हा माझ्या मनात हे कुत्रे नव्हते, पण आता ते त्यातून बाहेर काढता येत नाहीत. करंजाडे, खारघर, नवीन पनवेल, जिकडे पाहावं तिकडे मनोरे उठताहेत, आणि सोसायटीच्या सभेत पहिला ठराव कुत्रे न पाळण्याचा होतो. असा ठराव करता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्येच लेखी कळवलेलं आहे. प्रयोगशाळेनं उद्या वीस कुत्रे देऊ केले, तर पनवेलमध्ये वीस दारं उघडी हवीत. नाहीतर आपली मागणी पोकळ आहे.

आणि शेवटची मागणी नियामकांच्या त्या जुन्या अटीबद्दलच: कुत्र्यावर पाहिलंच पाहिजे, हा आग्रह नियामकांनी सोडावा. हे अशक्य नाही. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी आपण २०१४ मध्ये बंद केली. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन मानवी पेशींवरच्या, चिपवरच्या, संगणकावरच्या पद्धतींना जागा मिळाली. वाट कायद्यानं मोकळी आहे. तिच्यावरून चालायला भाग पाडणारा दबाव नाही.

हा दबाव कसा आणतात ते आपल्याला माहीत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत पांढरी कुत्री निळी होऊन हिंडू लागली. फोटो लंडन-न्यूयॉर्कपर्यंत छापले गेले. पण कारखान्याला टाळं लागलं ते प्राणीमित्रांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रीतसर तक्रार नोंदवली म्हणून. कासाडी नदीसाठी आपले मच्छीमार असेच कागद घेऊन हरित लवादापर्यंत गेले.

म्हणून अंकाच्या शेवटच्या पानावर माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना छापला आहे. प्रश्न चारच आहेत: महाराष्ट्रातल्या किती संस्थांना कुत्र्यांवर प्रयोगाची परवानगी आहे, गेल्या पाच वर्षांत किती कुत्रे वापरले, त्यांतले किती पुनर्वसनासाठी दिले, आणि त्यावर किती खर्च दाखवला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून तो केंद्राच्या पशुसंवर्धन विभागात समितीच्या नावे पाठवायचा. उत्तर द्यायला त्यांना तीस दिवस आहेत. आलेली उत्तरं, आणि न आलेलीही, आमच्याकडे कळवा. होळीच्या सुमारास ती सगळी एकत्र छापू. ज्यांच्या घरी जागा आहे, त्यांनी त्याच पाकिटात तेवढं लिहावं.