देवस्थानाच्या जमिनीवर भाड्याची घरे हवीत

मध्य प्रदेशातील जामसावळीच्या मारुती मंदिराभोवती उभ्या राहणाऱ्या ‘हनुमान लोक’ प्रकल्पाच्या परिसरात अल्पभाड्याच्या घरांसाठी जागा राखून ठेवलीच पाहिजे, अशी या वृत्तपत्राची भूमिका आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये प्रकल्पाचे भूमिपूजन झाले आणि जामसावळी ज्यात येते तो पांढुर्णा जिल्हाही त्याच वर्षी अस्तित्वात आला. भाविक वाढतील, तशी जागेची किंमत आणि खोल्यांची भाडीही वाढतील. त्याची झळ सर्वप्रथम हार-प्रसाद विकणाऱ्यांना, सफाई कामगारांना आणि जवळच्या बोरगावच्या कारखान्यांतील मजुरांना बसेल. इथल्या पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीचे तीर्थ घेण्यासाठी रुग्णासह दिवसेंदिवस मुक्काम करणारी कुटुंबे तर अंथरूण-पांघरूण आणि भांडीकुंडी घेऊनच येतात. त्यांनी जायचे कुठे?

देवाच्या दारी निवारा देणे नवे नाही. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीत धर्मशाळा उभारल्या, देऊळ नाही. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही कर्करुग्णांना आसरा देते. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्येच कायदा करून धर्मसंस्थांना स्वतःच्या जमिनीवर परवडणारी घरे बांधण्याची वाट सोपी केली.

मात्र घरे द्यावीत ती भाड्यानेच. मध्य प्रदेशातील मंदिरांच्या जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की मालक देवता असते, पुजारी नव्हे. तेव्हा विक्रीचा मार्ग कायमचा बंद हवा.

जिल्हाधिकाऱ्यांनी सौंसर आणि पांढुर्णा तालुक्यांतील देवस्थानांच्या जमिनींची यादी आधी जाहीर करावी. दुकानांचे गाळे वाटून झाल्यावर घरांसाठी जागा शोधत बसू नये.